समोर विचारा

“काय बे डिप्लोमा, भवानी झाली का?”

रस्त्यापलीकडून अंबादास बोल्लीचा आवाज आला, तेव्हा मी एका मिक्सरचे आर्मेचर हातात धरून भिंगातून पाहत होतो. मान वर न करता मी उजवा हात हलवला. झाली, असा त्याचा अर्थ.

“मग त्या ताईंना पाठव की इकडं! केव्हाच्या उभ्या आहेत. भिंगात जग दिसतंय, समोरचं माणूस दिसंना!”

खरोखरच माझ्या फळीसमोर एक बाई मिक्सर घेऊन उभ्या होत्या. भांड्याला शेंगाचटणीचा वास येत होता. सोलापुरात मिक्सर जळतो तो बहुधा चटणीनेच. गृहोद्योगवाल्या बायका घरच्या मिक्सरकडून गिरणीचे काम करून घेतात.

“ताई, समोर विचारा,” मी म्हटले.

“का? तुम्ही नाही करत?”

“करतो. पण समोरच्यांची भवानी व्हायची आहे.”

बाई पेठेत नव्या असाव्यात. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग अंबादासकडे पाहिले आणि आवाज खाली आणून विचारले, “तिकडं नीट करतात का पण?”

“माझ्यापेक्षा बरे करतात. फक्त बोलतात फार.”

“ऐकू येतंय बे!” पलीकडून उत्तर आले.

साखर पेठेतील आमच्या गल्लीत बहुतेक धंद्यांची जोडी होती. दोन शिंपी, दोन औषधांची दुकाने, दोन घड्याळवाले आणि मिक्सर, पंखे, मोटारी दुरुस्त करणारे आम्ही दोघे. रीत अशी, की ज्याची सकाळची पहिली विक्री, म्हणजे भवानी झाली, त्याने पुढचे गिऱ्हाईक आपल्या जोडीदाराकडे पाठवायचे. त्याचीही भवानी झाली, की मग ज्याचे नशीब त्याच्याजवळ. ही रीत कोणी घालून दिली हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ती मोडावी असेही कोणाच्या मनात येत नसे. भवानी मागायची नसते आणि पाठवल्याबद्दल आभारही मानायचे नसतात, एवढेच दोन नियम.

मी सरकारी तंत्रनिकेतनातून विद्युत शाखेची पदविका घेऊन कापडगिरणीत पर्यवेक्षक झालो होतो. गिरणी बंद पडल्यावर हे दुकान टाकले. अंबादास यंत्रमागांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरता भरता शिकलेला. माझी पदविका हा त्याच्या थट्टेचा कायमचा विषय होता. माझी पत्नी नलिनी गेल्यानंतर, मला मूलबाळ नसल्यामुळे, दिवसभरात मी जे काही बोलत असे ते त्या रस्त्याच्या रुंदीवरूनच बोलत असे. अंबादासची बायकोही गेलेली होती. त्याची मुलगी शैलजा भिवंडीला राहत होती आणि दर सणाला त्याला तिकडे कायमचे बोलवत होती. “दुकान चालू आहे गं,” एवढे एकच उत्तर त्याच्याजवळ होते, आणि ते उत्तर खरे राहावे याची चिंता त्याच्यापेक्षा मला अधिक होती.

त्याच सकाळी अश्लेषा माळवदकर आमच्या गल्लीत प्रथम आली. पंचविशीची, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. ‘चौफेर’ या कंपनीची ती माणूस. चौफेरचे नाव तोवर घरोघर झाले होते. आधी त्यांनी किराणा घरपोच दिला. मग त्यांच्याच ॲपवरून पैसे देता येऊ लागले. मग रिक्षा, मग औषधे, मग विमा, मग हप्त्याने घेतलेल्या वस्तू. आता दुरुस्ती, आणि त्यासाठी कारागीर नोंदवायला ती आली होती.

अंबादास रस्ता ओलांडून आला आणि माझ्या फळीवर कोपर टेकून उभा राहिला.

“बाळ, एक सांग. तुमचा मालक डाळ-तांदूळ विकणारा. त्याला मिक्सरशी काय घेणं?”

अश्लेषा हसली. “काका, मिक्सर आमच्याच ॲपवर विकला जातो. हप्ता आमचा, विमा आमचा. मग बिघडल्यावर ग्राहकाने दुसरीकडे का जायचं?”

“म्हणजे गिऱ्हाईक सगळीकडून वेढलंय म्हणा.”

“म्हणून तर नाव चौफेर,” मी म्हटले.

“आणि आपण कोण त्यात?”

“आपण त्यातला एक स्क्रू.”

“स्क्रूला निदान आटे असतात बे,” अंबादास म्हणाला. “आपल्याला काय आहे?”

नाव नोंदवायची त्याची तयारी नव्हती. पण त्या वर्षी आम्हा दोघांची फळीवरची गिऱ्हाइके निम्म्यावर आली होती. नवा मिक्सर बिघडला, की लोक दुकानाकडे न येता फोनवरचे बटण दाबत. मीच त्याला समजावले, की पाणी जिकडून वाहते तिकडे घागर न्यावी लागते. अखेर “तू बुडालास तर मीपण तुझ्याबरोबर बुडतो, चल,” असे म्हणून त्याने टॅबवर अंगठा टेकवला.

जाण्यापूर्वी अश्लेषाने कामाची पद्धत सांगितली. फोनवर ऑर्डर येईल, घरी जाऊन दुरुस्ती करायची. स्वीकारायची तर हिरवे बटण, नाकारायची तर लाल.

“नाकारली तर ती कुठे जाते?” मी विचारले.

“जवळच्या दुसऱ्या कारागिराकडे.”

अंबादासने माझ्याकडे पाहिले. मी त्याच्याकडे पाहिले. जवळचा म्हणजे समोरचा. यात कोणाला शंका येण्याचे कारण नव्हते. मधला रस्ता इतका अरुंद होता, की हातगाडी आली तर सायकलस्वाराला उतरावे लागे.

“मग काही बिघडत नाही,” अंबादास समाधानाने म्हणाला. “रीत तीच. फक्त तोंडानं बोलायच्याऐवजी लाल बटण.”

पहिले काही आठवडे चांगले गेले. सकाळची पहिली ऑर्डर मी स्वीकारत असे. दुसरी आली, की लाल बटण दाबून मनात म्हणत असे, जा, समोर जा. लवकरच मला दिसू लागले, की अंबादास रोज सकाळी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून, शटर अर्धे ओढून बाहेर पडतो. मला बरे वाटले. म्हणजे पोहोचत होत्या.

पण त्याच्याकडून माझ्याकडे काही येत नव्हते. पूर्वी गल्लीत कोणाची भवानी झाली आणि कोणाची राहिली, हे सर्वांना उघड दिसत असे. आता काम परक्या घरांत होत होते, त्यामुळे कोणाचे काय चालले आहे ते कळायला मार्ग राहिला नव्हता. पुढे माझी पहिली ऑर्डरही काही दिवशी येईनाशी झाली. मी फोन उलटासुलटा करून पाहिला. विचारावेसे वाटले, पण भवानी मागायची नसते. अंबादासनेही सकाळची हाक मारणे हळूहळू सोडले. सायंकाळी पिशवी घेऊन तो परतत असे, शटर वर करत असे आणि माझ्याकडे न पाहता आत जात असे. मीही मग भिंगातून मान वर काढीनासा झालो. भिंगाखाली पाहण्यासारखे काही नसले, तरीही.

एका सोमवारी मी सिद्धेश्वर तलावाच्या कडेने घरी चाललो होतो. भर दुपारची वेळ, ऊन अंगात शिरत होते. काठाच्या पायऱ्यांवर, झाडाच्या तुटपुंज्या सावलीत, ओळखीची पाठ दिसली. शेजारी हत्यारांची पिशवी होती. अंबादास पाण्यात चुरमुरे टाकत होता.

“कोणाचा मिक्सर?” मी मागे उभा राहून विचारले.

तो दचकला. पण अंबादासला उत्तर सुचले नाही असे कधी घडले नव्हते. “माशांचा,” तो म्हणाला. “चटणी जाड पडायलीय म्हणत होते.”

मी शेजारी बसलो. पुडीतले मूठभर चुरमुरे मीही पाण्यात टाकले.

“आज ऑर्डर नाही?”

“आणि कशा असतील? सगळ्या तुझ्याकडं जातात की.”

“माझ्याकडे? मी तर तुझ्याकडे पाठवतो.”

“मी लाल दाबतोय ते कुणासाठी मग? माझ्या आज्यासाठी?”

“तू लाल दाबतोस? मीही लालच दाबतो.”

अंबादासने चुरमुऱ्यांची पुडी बाजूला ठेवली. “थांब. मी सोडलेल्या तुला आल्या नाहीत?”

“एकही नाही.”

“तू सोडलेल्या मला आल्या नाहीत.” तो बोटांवर काही मोजू लागला आणि मध्येच थांबला. “मग गेल्या कुठं बे?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि मग हसू लागलो. इतके, की पलीकडे बसलेला फुगेवाला उठून पाहू लागला. अंबादासच्या डोळ्यांतून पाणी आले. ते त्याने शर्टाच्या बाहीने पुसले.

“पण मग तू पिशवी घेऊन रोज का निघतोस?” हसणे ओसरल्यावर मी विचारले.

“दुकानात रिकामा बसलेला दिसलो असतो, तर तू तुझी पहिली ऑर्डरपण सोडली असतीस. ओळखतो की तुला.” थोडे थांबून तो म्हणाला, “राग मात्र आला होता. सगळं तुझ्याकडं जातंय ते जाऊ दे म्हटलं, पण एकदा तरी मान वर करून ‘काय अंबादास’ म्हणशील की नाही?”

मी त्याची पिशवी उचलून माझ्या खांद्याला लावली.

दुसऱ्या दिवसापासून लाल बटण दाबायचे नाही असे आम्ही ठरवले. पण दाबायला ऑर्डरच आली नाही. त्याच आठवड्यात दोघांच्याही फोनवर सूचना आली, की संगनमताच्या संशयावरून खाते स्थगित करण्यात आले आहे.

संगनमत हा शब्द अंबादासने माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. शब्दाने काही बिघडले नसते. पण खाते म्हणजे केवळ ऑर्डरी नव्हेत, हे आम्हाला त्या आठवड्यात समजले. मोटारींना लागणारी तांब्याची तार आणि कार्बन आम्ही ज्या ठोक व्यापाऱ्याकडून घेत होतो, तो आता फक्त चौफेरवरूनच माल देत होता. स्थगित खात्याला माल नाही. फळीवर येणारी थोडी गिऱ्हाइके ज्या चौकोनी चित्रावर फोन धरून पैसे देत, तेही निर्जीव झाले. अंबादासच्या मधुमेहाच्या गोळ्या सवलतीत येत होत्या, त्या थांबल्या. गल्लीतली औषधांची दोन्ही दुकाने तोवर चौफेरची कोठारे झाली होती. तिथल्या मुजावरभाईंनी गोळ्यांचे पाकीट समोर दिसत असूनही हात जोडले. “बोल्लीशेठ, यंत्र बिल काढत नाही. मी काय करू?” प्रत्येक कुलपाला वेगळी किल्ली असते असे आम्ही समजत होतो. इथे किल्ली एकच होती आणि ती परत घेतली गेली होती.

आम्ही सात रस्त्याजवळच्या त्यांच्या कचेरीत गेलो. अंबादासने इस्त्रीचा शर्ट घातला होता. अश्लेषा आम्हाला पाहून बाहेर आली. तिचा चेहरा उतरलेला होता.

“काका, तुम्ही दोघे एकाच गल्लीतले, एकाच कामाचे. आलटूनपालटून नाकारत होतात. सिस्टीमला हे ठरवून केलेलं वाटतं. तुम्ही सोडलेल्या ऑर्डरी ती दुसऱ्या पेठेतल्या कारागिरांना देत होती.”

“ठरवूनच केलं होतं,” अंबादास म्हणाला.

“असं आत बोलू नका हो!”

“पण यात आमचा फायदा कोणता?” मी विचारले.

“तेच तिला सापडत नाही. आणि फायदा सापडला नाही, की तो लपवलेला आहे असं ती धरते.”

मी तिला आमची रीत समजावून सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग दरवाजाकडे एकदा पाहून ती हळू आवाजात म्हणाली, “हे मी सांगायला नको. पण आत तुम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत पडद्यासमोर बसवतील. एकाने दुसऱ्यावर दबाव आणला होता, असं निघालं, तर ज्याच्यावर दबाव आला त्याचं खातं सुटतं. रीत-बीत सांगितलीत, तर दोघांचीही जातील. त्या यादीत ‘रीत’ असं कारणच नाही.”

“एकाचं तरी सुटतं म्हणतेस?” अंबादासने विचारले.

“एकाचं सुटतं.”

आमची नावे पुकारली गेली आणि आम्ही दोन दारांनी आत गेलो.

खोलीत एक खुर्ची आणि एक पडदा होता. पडद्यावर चेहरा नव्हता. एक स्वच्छ, मार्दवयुक्त बायकी आवाज होता आणि त्या आवाजाच्या चढउताराबरोबर हलणारी निळी रेघ. तिने माझे नाव विचारले. मी सांगितले, श्रीधर होनराव. मग तिने विचारले, ऑर्डर नाकारण्याबाबत आपल्यावर अन्य कोणाचा दबाव होता काय?

“नाही,” मी म्हटले. “दबाव मी आणत होतो. समोरच्या अंबादास बोल्लींवर. ऑर्डरी नाकारा असे मीच त्यांना सांगत होतो. त्यांचा यात काहीही दोष नाही.”

निळी रेघ सपाट झाली. “आपले विधान अंतिम समजावे काय?”

“समजावे.”

“धन्यवाद. आपला दिवस आनंदात जावो.”

बाहेर आलो, तर अंबादास आधीच बाकावर बसलेला होता. मी त्याच्या शेजारी बसलो. मला फार हलके वाटत होते. त्याचे दुकान राहील. शैलजाला द्यायचे त्याचे उत्तर खरे राहील. सकाळी पलीकडचे शटर वर जाईल. माझे खाते नसले तरी चालण्यासारखे होते. मी समोरून पाहत बसलो असतो.

अंबादासही प्रसन्न दिसत होता. त्याने खिशातून सुपारी काढून मला दिली.

अश्लेषा टॅब घेऊन बाहेर आली.

“काका, तुम्ही दोघांनी काय केलंत हे? दोघांचीही खाती कायमची बंद झाली.”

“दोघांची कशी? एकाचं सुटणार होतं ना?” अंबादास ताडकन उठला.

“दबाव आपणच आणला असं तुम्ही दोघांनीही कबूल केलंत. आता तिच्या दृष्टीने दबाव आणणारे दोन आहेत आणि दबलेला कोणीच नाही.”

अंबादास माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा इतका लाल झालेला मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

“कुणी सांगितलं होतं तुला शहाणपण?”

“आणि तुला?”

“अरे, मी दिलं होतं ना तुला! गप्प बसून घ्यायचं सोडून... डिप्लोमा केलास तो काय गवत कापायला?”

“ओरडू नकोस. लोक बघत आहेत.”

“बघू देत! माझं वाया घालवलंस तू!”

मी त्याला दंडाला धरून जिन्याखाली आणले. रस्त्यावर ऊन होते. उसाच्या रसाच्या गाडीजवळ तो थांबला, पण रस घेतला नाही. चरकाला बांधलेले घुंगरू वाजत होते.

“मला ते खातं नकोच होतं बे,” तो आता हळू बोलत होता. “शैलजाला मी होय म्हणून बसलोय. पुढच्या महिन्यात भिवंडीला निघायलोय. तिकडं बसून माझ्या खात्याचं मी काय लोणचं घालणार होतो? तुझं तरी राहावं म्हणून सांगितलं आत. तुला मागंपुढं कुणी नाही, दुकान तरी राहू दे म्हटलं.”

“कधी ठरले?”

“तलावावर भेटलास, त्याच्या आधीच. सांगायचं राहिलं.”

“राहिलं?”

“सांगता येईना.”

उसाचे चिपाड चरकाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडत होते. मी त्याकडे पाहत राहिलो. तो माझ्या उत्तराची वाट पाहत होता. बहुधा, मीही त्याच्याचसारखा उदार झालो म्हणून दोघांचे नुकसान झाले, असे मी म्हणेन, अशी त्याची अपेक्षा असावी.

“मी तुझ्यासाठी नाही केले ते,” मी म्हटले.

“मग?”

“तुझे खाते राहिले असते, तर तू राहिला असतास. माझे राहून मला काय करायचे होते, अंबादास? बंद शटरकडे बघत मोटारी भरायच्या होत्या का?”

त्याने तोंड उघडले. आयुष्यात प्रथमच त्याला उत्तर सुचले नाही. मग त्याने गाडीवाल्याला दोन ग्लास रस सांगितला आणि आम्ही तो उभ्यानेच प्यालो.

ठरल्याप्रमाणे तो गेला. स्टेशनवर मी गेलो होतो. गाडी हलताना तो खिडकीतून काही ओरडला, ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आले नाही. पुढे काही वर्षे त्याचे फोन येत होते. तिकडे तो नातवंडांत रमला, बोलण्यात घरची तेलुगू वाढली, आणि सांगण्यासारखे कमी होत गेले. माझ्याकडे तर ते मुळातच कमी होते. आता फक्त दिवाळीला फोन येतो.

शिंप्यांची जोडी गेली, घड्याळवाले गेले. माझे दुकान मी उघडतो. ज्यांचे सुटे भाग कोठेच मिळत नाहीत असे जुने टेबलफॅन अजून कोणीतरी आणून देते. अंबादासचा गाळा चौफेरने घेतला. तिथे त्यांनी भिंतभर पोलादी कपाट बसवले आहे. लहानमोठ्या असंख्य कप्प्यांचे. कपडे, औषधे, दुरुस्त झालेले मिक्सर, सर्व तिथे येऊन पडते. माणूस येतो, फोन धरतो, त्याचा कप्पा आपोआप उघडतो, तो वस्तू घेतो आणि जातो. तिथे कोणी बसत नाही. रस्त्याच्या या बाजूला वळून पाहण्याचे कोणाला कारण पडत नाही.

क्वचित एखादा कप्पा अडतो. माणूस दोनचारदा फोन धरून पाहतो, दाराला थाप मारतो, आणि मग गोंधळून इकडेतिकडे बघू लागतो. तेव्हा गल्लीत त्याला मीच दिसतो. मी उठतो, रस्ता ओलांडतो आणि कपाटाच्या डाव्या कडेला तळहाताने दाब देतो; बिजागरीत थोडा ताण राहिलेला असतो, तो सुटतो. माणूस आभार मानतो. मग मी विचारतो, कुठले तुम्ही, काय मागवले, घरी कोण कोण असते. काही जण घटकाभर थांबतात.

परंतु यंत्र म्हणून मी ते बारकाईने पाहिले आहे. कपाट फार चांगले बनवलेले आहे. सहसा अडत नाही.